खाल्लेले अंगी का लागत नाही? पॉलिफेनॉल, तुमचे आतडे आणि घरी करायची तपासणी

डाळिंब खाल्ल्यावर दोन दिवसांत लघवीत काय उतरते, यावरून माणसांचे तीन गट पडतात. पहिल्या गटातल्यांच्या लघवीत युरोलिथिन-ए हे संयुग सापडते. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला आयसोयुरोलिथिन-ए आणि युरोलिथिन-बी असतात. तिसऱ्या गटात यांपैकी काहीच सापडत नाही. स्पेनमधल्या मुर्सिया शहरात फ्रान्सिस्को तोमास-बार्बेरान आणि हुआन कार्लोस एस्पिन यांच्या संशोधन गटाने २०१४ मध्ये ही विभागणी मांडली. तिसऱ्या गटात साधारण दहातला एक जण असतो. त्याने सोलापूरचे भगवे डाळिंब खाल्ले काय किंवा बाटलीतला महागडा रस प्याला काय, त्याच्या शरीरात युरोलिथिन तयारच होत नाही.

डाळिंबात युरोलिथिन नसतेच. असतात ती प्युनिकॅलॅजिनसारखी मोठाली, तुरट संयुगे. त्यांपासून एलॅजिक आम्ल सुटते आणि मोठ्या आतड्यातले काही ठरावीक जिवाणू त्याचे तुकडे करत युरोलिथिन बनवतात. गॉर्डोनिबॅक्टर हा त्यांतला एक. तो तुमच्या पोटात वस्तीला आहे की नाही, यावर डाळिंबाचा पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो.

म्हणून ‘अमुक फळात इतके अँटिऑक्सिडंट’ असल्या आकड्यांवर फार विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. परीक्षानळीत मोजलेली ती ताकद शरीरात तशीच्या तशी उतरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची आपली मोठी यादी २०१२ मध्ये याच कारणासाठी संकेतस्थळावरून काढून टाकली. फळाची ताकद किती यापेक्षा ते तुम्हाला किती लागू पडते, हा प्रश्न कामाचा आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी घरच्या घरी शोधता येते. कसे, ते क्रमाने लिहितो.

आधी वाट समजून घ्या

पॉलिफेनॉल म्हणजे वनस्पती स्वतःच्या बचावासाठी आणि रंगासाठी बनवतात ती संयुगे. त्यांचे हजारो प्रकार आहेत. जांभूळ, कोकम, काळी द्राक्षे यांचा रंग अँथोसायनिनचा. चहातला तुरटपणा कॅटेचिन आणि त्यांच्या भाईबंदांचा. कांद्यात क्वेर्सेटिन, हळदीत कर्क्युमिन, सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन, जवस आणि तिळात लिग्नन, कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल.

यांतली फार थोडी लहान आतड्यात शोषली जातात. कांद्यातले क्वेर्सेटिन ग्लुकोजला जोडलेले असते. लहान आतड्याच्या अस्तरावर दुधातली साखर फोडणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) असते, तेच ही जोडणीही सोडवते. त्यामुळे कांदा खाल्ल्यावर तासाभरातच रक्तातली पातळी वर जाते. चहातल्या क्वेर्सेटिनच्या एका प्रकाराला मात्र वेगळी साखर चिकटलेली असते. ती लहान आतड्यात सुटत नाही आणि पदार्थ खाली मोठ्या आतड्यापर्यंत जातो. नेदरलँड्समध्ये १९९५ साली, मोठे आतडे काढलेल्या स्वयंसेवकांवर याचा अभ्यास झाला. कांद्यातले क्वेर्सेटिन ५२ टक्के शोषले गेले, दुसऱ्या प्रकारचे १७ टक्के. रेणूचा गाभा दोन्हीकडे एकच होता, फरक फक्त चिकटलेल्या साखरेचा.

जे शोषले जाते त्यावर यकृत आपली प्रक्रिया करते. त्या विकरांची जनुके प्रत्येकाची थोडी निराळी, म्हणून वेगही निराळा. उरलेला मोठा वाटा, म्हणजे एकूण पॉलिफेनॉलपैकी ९० टक्क्यांच्या आसपास, मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथल्या जिवाणूंच्या हवाली होतो. माणसामाणसांतला सर्वांत मोठा फरक इथे पडतो.

सोयाबीनचे उदाहरण यात सर्वांत स्पष्ट आहे. त्यातल्या डायडझीनपासून काही जिवाणू इक्वॉल बनवतात. इक्वॉल हे इस्ट्रोजेनच्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला) चांगले चिकटते, त्यामुळे रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा येण्याच्या त्रासात सोयाबीनचा उपयोग का होतो, यामागे त्याचा हात असावा असे मानले जाते. पण इक्वॉल बनवणारे लोक युरोप-अमेरिकेत सुमारे २५ ते ३० टक्के, तर जपान, कोरिया, चीनमध्ये ५० ते ६० टक्के असतात. मैत्रिणीला सोया दुधाने आराम पडला आणि तुम्हाला पडला नाही, तर दोघींचेही म्हणणे खरे असू शकते.

पायरी पहिली: औषधे, लोह आणि यकृत

काहीही नवे सुरू करण्याआधी ही तपासणी करायची. ती टाळू नका.

औषधांची यादी घ्या. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा अटोर्व्हास्टॅटिन, रक्तदाबासाठी फेलोडिपिन यांपैकी काही चालू असेल तर ग्रेपफ्रूट आणि पपनस यांपासून लांब राहा. गणपतीत कोकणात आणि गोव्यात माटोळीला पपनस बांधतात आणि नंतर घरोघरी ते सोलले जाते, म्हणून मुद्दाम सांगतो. या फळांतली फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्ये आतड्यातले औषध मोडणारे विकर निकामी करतात आणि औषधाची रक्तातली पातळी नको तितकी वाढते. ही द्रव्ये पॉलिफेनॉलमध्ये मोडत नाहीत, पण त्याच फळात त्यांच्या शेजारीच असतात. आतड्यात ते विकर मुळात ज्याच्याकडे जास्त, त्याला हा दणका जास्त. कॅनडातल्या डेव्हिड बेली यांना १९८९ च्या सुमारास हे योगायोगाने आढळले. एका प्रयोगात दारूची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता.

थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोयाबीनचे पदार्थ आणि गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवा. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर कोणत्याही फळाचा रस, ग्रीन टी किंवा अर्क नव्याने रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळिंबातले पोटॅशियम मोजावे लागते.

मग लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पॉलिफेनॉल धान्य-भाज्यांतल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते शोषू देत नाहीत. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने हे शोषण निम्म्याहून खाली येऊ शकते. सकाळी पोह्यांबरोबर चहा, दुपारी जेवण उरकताच चहा, संध्याकाळी चहा-चपाती, असा दिवस असेल तर ज्या बाईचे हिमोग्लोबिन आधीच नऊ-दहावर आहे तिला याच पॉलिफेनॉलचा तोटा होतो. तिच्या सासऱ्यांचे लोह भरपूर असेल तर त्यांना तोच चहा काही करणार नाही. एका घरात, एकाच किटलीतला चहा दोघांना दोन तऱ्हांनी लागतो.

उपाय सोपा आहे: चहा-कॉफी जेवणानंतर निदान एक तासाने. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात एवढ्या अंतरानेही अडथळा बराच कमी झाला. पोह्यांवर लिंबू पिळा, भाजी-भाकरीबरोबर कच्चा टोमॅटो, पेरू किंवा आवळा ठेवा. क जीवनसत्त्व लोह सोडवून घेते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही एकदा तपासून घ्या, म्हणजे साठा कळेल.

पायरी दुसरी: आज कुठे उभे आहात ते पाहा

अमेरिकेत २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या ‘कॉसमॉस’ या चाचणीत कोकोमधले ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल, म्हणजे चहातल्या कॅटेचिनच्याच कुळातली संयुगे, रोज देण्यात आले. तिच्या एका भागात ३,५६२ ज्येष्ठांची स्मरणशक्ती तपासली. २०२३ मध्ये निकाल आला. ज्यांच्या आहारात फ्लॅव्हनॉल आधीपासून कमी होते त्यांना शब्द आठवण्याच्या परीक्षेत फायदा दिसला. ज्यांना ते जेवणातूनच पुरेसे मिळत होते त्यांच्यात विशेष फरक पडला नाही.

अंबाडीच्या बोंडांची गोष्टही अशीच आहे. बाजारात ‘हिबिस्कस टी’ म्हणून जो लाल, आंबट चहा मिळतो तो आपल्या बागेतल्या जास्वंदीचा नसतो, तो लाल अंबाडीच्या मांसल बोंडांचा असतो. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ जणांपैकी काहींनी सहा आठवडे रोज तीन कप हा चहा घेतला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ ने उतरला, दुसऱ्या गटाचा जेमतेम १ ने. पण ज्यांचा आकडा सुरुवातीलाच १२९ किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यात ही घट १३ च्या घरात गेली.

म्हणजे ज्याचे मुळात काही बिघडलेले नाही त्याला सुधारणाही दिसणार नाही. तुमचा रक्तदाब ११२ वर ७२ असेल तर कुठल्याही बोंडाने तो खाली येणार नाही, आणि यावाही कशाला?

तेव्हा एक वही करा. सात दिवस, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून, खालील गोष्टी लिहा: चहा-कॉफी किती वेळा आणि जेवणापासून किती अंतरावर, फळे कोणती, कांदा कच्चा की शिजलेला, पालेभाजी, कडधान्य, नाचणी-ज्वारी, जवस-तीळ-कारळ्याची चटणी, कोकम. वजनकाट्याची गरज नाही. ‘एक वाटी’, ‘दोन चमचे’ पुरे. गेल्या वर्षात प्रतिजैविकांचे कोर्स किती झाले तेही लिहा. फिनलंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिजैविके घेतलेल्यांच्या रक्तात एंटरोलॅक्टोन, म्हणजे लिग्ननपासून जिवाणूंनी बनवलेला पदार्थ, कमी आढळला, आणि ही घट वर्षभरापूर्वी औषध घेतलेल्यांतही दिसत होती.

आठवड्याने वही वाचा. बहुतेकांच्या वहीत पॉलिफेनॉल असतात, पण एकाच कुळातली: चहा, चहा आणि पुन्हा चहा. जे कूळ रिकामे आहे तिथे फरक दिसण्याची शक्यता जास्त. तिथून सुरुवात करा.

पायरी तिसरी: एकच पदार्थ, एकच मोजमाप

इथे बहुतेक जण घाई करतात. ग्रीन टी, हळदीचे दूध, आवळ्याचा रस, चिया आणि सकाळचे चालणे, सगळे एकाच सोमवारी सुरू होते. महिन्याने बरे वाटले तर श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही.

एक पदार्थ निवडा आणि त्याच्याशी जुळेल असे एकच मोजमाप. घरी नीट मोजता येणारी गोष्ट म्हणजे रक्तदाब. कोलेस्टेरॉल लॅबमध्ये मोजता येते, पण काहीही न बदलता ते दोन तपासण्यांत ५ ते १० टक्के इकडेतिकडे होते, म्हणून छोट्या फरकाने हुरळू नका. ‘ताजेतवाने वाटते’ हे मोजमाप धरू नका. नवे काही सुरू केले की पहिले दोन आठवडे सगळ्यांनाच तसे वाटते.

रक्तदाब किंचित वरच्या बाजूला असेल, म्हणजे १३० ते १३९ च्या दरम्यान, आणि डॉक्टरांनी अजून गोळी दिली नसेल, तर अंबाडीची बोंडे हा माझ्या मते सर्वांत चांगला पहिला प्रयोग आहे. त्यात साखर नाही, किंमत कमी आहे, आणि सहा आठवड्यांत हो-नाही कळते. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नका. गरोदरपणात नको.

वेळापत्रक असे:

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचे नाही, फक्त मोजायचे. पुढचे सहा आठवडे रोज तीन कप. वाळलेली बोंडे चमचाभर, उकळते पाणी, झाकण ठेवून सहा मिनिटे, मग गाळून, साखर न घालता. त्यानंतर तीन आठवडे पूर्ण बंद, मोजणे चालू. शेवटचा बंद काळ फार महत्त्वाचा आहे. रक्तदाब हिवाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात उतरतो, परीक्षेच्या महिन्यात चढतो. चहा बंद केल्यावर आकडा परत वर गेला, तरच त्याचा परिणाम म्हणायचा.

मोजण्याची रीत पाळली नाही तर सगळी मेहनत वाया जाते. लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, जिना चढणे नको. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नाही. पाच मिनिटे गप्प बसा; फोन दुसऱ्या खोलीत. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवरून नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीवर येईल. एक मापन घ्या, मिनिटभर थांबा, दुसरे घ्या, दोन्ही लिहा. सकाळी उठल्यावर आणि रात्री, आठवड्यातले तीन-चार दिवस. एखादा आकडा १४८ आला म्हणून घाबरू नका आणि ११८ आला म्हणून नाचू नका; आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीशीच सरासरी ताडून पाहा. आकडा वारंवार १८० च्या वर गेला, किंवा छातीत दुखले, बोलणे अडखळले, तर वही बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठा.

तीन-चार अंकांचा फरक यंत्राच्या चुकीतही जातो. सहा-सात अंक खाली आणि बंद केल्यावर परत वर, असे दिसले तर हा पदार्थ तुम्हाला लागू पडतो असे मानायला जागा आहे.

पायरी चौथी: स्वयंपाकघरातले नुकसान टाळा

पदार्थ लागू पडला नाही असे म्हणण्याआधी तो पोटात पोचला का, हे पाहायला हवे.

कांदा घ्या. वरचे कोरडे, कागदासारखे टरफल काढले की खाली एक जाडसर, किंचित चिवट पाकळी येते. घाईत आपण तीही टरफलासकट ओढून काढतो आणि आतला पांढरा, रसाळ भाग चिरायला घेतो. क्वेर्सेटिन बाहेरच्याच थरांत सर्वांत जास्त असते. ती पाकळी चिवट वाटत असेल तर बारीक चिरून फोडणीत टाका. लाल कांद्यात पांढऱ्यापेक्षा जास्त असते. कांदा उकळला तर बरेच क्वेर्सेटिन पाण्यात उतरते. रस्सा प्यालात तर ते मिळतेच, पाणी ओतून दिलेत तर गेले.

डाळिंबात प्युनिकॅलॅजिन मुख्यतः सालीत आणि दाण्यांमधल्या पिवळट पापुद्र्यात असते. कारखान्यात अख्खे फळ दाबून काढलेल्या रसात ते भरपूर उतरते. घरी दाणे मिक्सरला फिरवून गाळलेला रस दिसायला तसाच लाल असला तरी त्यात खूपच कमी असते. पण कारखान्याचा असो वा घरचा, पेलाभर रसात २५ ग्रॅमच्या आसपास साखर जाते. मधुमेह असेल तर रस नकोच. दाणे खा, आणि पापुद्रे अगदी निवडून निवडून फेकू नका, थोडे तुरट लागले तरी चालेल. सालीची पूड मात्र खाऊ नये, तिचे प्रमाण कोणी ठरवून दिलेले नाही. याच कुळातली संयुगे अक्रोडाच्या तपकिरी सालीत आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीतही असतात, त्यामुळे डाळिंबाचा हंगाम संपला म्हणून अडून राहायला नको.

जवस अख्खे गिळले तर बऱ्याचदा अख्खेच बाहेर पडते. विदर्भ-मराठवाड्यातली भाजून कुटलेली जवसाची चटणी हा योग्य मार्ग आहे. चाचण्यांत अनेकदा रोज ३० ग्रॅम भरडलेले जवस दिलेले असते, म्हणजे ताटात वाढलेल्या चिमूटभर चटणीने त्या निकालांची अपेक्षा धरता येणार नाही. दोन चमच्यांपासून सुरुवात करा, पाणी भरपूर प्या.

नाचणीतली पॉलिफेनॉल तिच्या तपकिरी आवरणात असतात, पीठ बारीक चाळणीने चाळले की ती कोंड्याबरोबर जातात. पण इथे पुन्हा माणूस बघावा लागतो. ज्याचे लोह कमी आहे त्याच्यासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करणे बरे, कारण मोड आल्यावर लोह अडवणारे टॅनिन घटतात. ज्याचे लोह उत्तम आहे आणि साखर काठावर आहे, त्याला न चाळलेल्या पिठाची भाकरी जास्त उपयोगाची.

आणि केळ्याचे स्मूदी. जांभूळ, स्ट्रॉबेरी किंवा कोको घालून केळ्याबरोबर फिरवणे हल्ली रूढ झाले आहे. केळ्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर भरपूर असते, चिरलेले केळे काळे पडते ते त्याच्यामुळेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात केळे घातलेल्या पेयानंतर शरीरातली फ्लॅव्हनॉलची पातळी ८४ टक्क्यांनी कमी भरली. केळे उत्तम फळ आहे, ते स्वतंत्र खा. पेयात दही किंवा आंबा घाला.

दुधाच्या चहाबद्दल नेहमी विचारले जाते. दुधातली प्रथिने कॅटेचिनला धरून ठेवतात हे खरे, पण त्याने शोषण घटते का, यावर अभ्यासांचे एकमत नाही. मी तरी त्यासाठी कोणाला दूध सोडायला सांगणार नाही.

पायरी पाचवी: फरक दिसला नाही तर

प्रयोग नीट झाला आणि आकडा हलला नाही, तर निराश होऊ नका आणि मात्राही वाढवू नका. कूळ बदला. अंबाडीतल्या अँथोसायनिनने काही झाले नाही तर लिग्नन पाहा, आयसोफ्लेवोन पाहा. जिवाणू वेगळे, विकरे वेगळी, त्यामुळे एकाला प्रतिसाद न देणारे शरीर दुसऱ्याला देऊ शकते. मुर्सियाच्या गटाने जादा वजनाच्या लोकांना डाळिंबाचा अर्क दिला तेव्हा कोलेस्टेरॉलमधली सुधारणा मुख्यतः दुसऱ्या, म्हणजे युरोलिथिन-बीच्या गटात दिसली. पहिल्या गटात नाही. सगळ्यांची सरासरी काढली असती तर हा फायदा झाकूनच गेला असता. युरोपातल्या संशोधकांनी २०१४ ते २०१८ या काळात ‘पॉझिटिव्ह’ नावाचे जाळे उभारून नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता: सरासरीच्या मागे कोण लपले आहे?

आपण कोणत्या गटात, हे तपासून मिळत नाही का? जपानमध्ये लघवीच्या नमुन्यावरून इक्वॉल तपासायची सोय आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या लॅबच्या यादीत अशी चाचणी नसते. रंगावरून अंदाज बांधू नका. बीट खाल्ल्यावर दहातल्या एखाद्याची लघवी लाल होते, ती शोषणातल्या फरकाने. पण बीटचा तो रंग पॉलिफेनॉल नव्हे आणि त्यावरून युरोलिथिनचे काहीच कळत नाही.

जिवाणूंची वस्ती मुद्दाम बदलता येते का? गॉर्डोनिबॅक्टर विकत आणून पोटात रुजवायची खात्रीची पद्धत आज हाती नाही, आणि दुकानातल्या नेहमीच्या प्रोबायोटिकमध्ये तो नसतो. पण जे जिवाणू आहेत ते जगतील असे करता येते. अमेरिकेत शंभर जणांना डाळिंबाचा रस दिला तेव्हा आधी सुमारे १२ टक्के लोकांत युरोलिथिन-ए सापडत होते, रस घेतल्यावर ४० टक्क्यांत सापडले; म्हणजे बऱ्याच जणांत कारागीर हजर होते, त्यांना कच्चा माल मिळत नव्हता. रोज एखादे वेगळे कडधान्य, आठवड्यात तीन निरनिराळ्या पालेभाज्या, गव्हाच्या जोडीला ज्वारी-नाचणी, फळ सालीसकट, एवढे केले तरी मोठ्या आतड्यात पुरेसे तंतू पोचतात. सर्दी-पडशाला स्वतःहून प्रतिजैविके घेऊ नका.

गोळ्या आणि अर्क

घरच्या पदार्थाने गुण आला नाही की माणूस कॅप्सूलकडे वळतो. इथे मला स्पष्ट बोलायचे आहे. अन्नातल्या प्रमाणात निरुपद्रवी असलेली गोष्ट अर्कात काही जणांना यकृतापर्यंत घात करू शकते, आणि ते ‘काही जण’ कोण, हे आधी कळत नाही.

युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीमधले मुख्य कॅटेचिन, घेणाऱ्यांत यकृताची विकरे वाढलेली दिसतात. कपातला चहा आणि गोळी यांत फरक आहे. हळदीचेही तेच. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली झालेल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर शरीराला मिळणारे कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढले. मग ‘मिरीयुक्त हळद’ कॅप्सूल बाजारात आल्या. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने हळदीच्या पूरकांशी जोडलेले दहा रुग्ण अभ्यासले, त्यांतल्या सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार निघाला. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांतही हाच प्रकार जास्त आढळला आहे.

आमटीतली हळद आणि वरून घातलेली मिरपूड यांची भीती बाळगू नका. कॅप्सूल चालू असेल आणि भूक मंदावली, लघवी गडद झाली, डोळे पिवळसर दिसले किंवा अंगाला खाज सुटली, तर ती त्याच दिवशी बंद करा आणि एसजीपीटी, बिलिरुबिन या यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. पुष्कळ रुग्ण ‘औषधे कोणती?’ या प्रश्नाला हळदीची किंवा ग्रीन टीची गोळी सांगतच नाहीत, कारण ती त्यांना औषध वाटत नाही.

वही किती दिवस ठेवायची

एकदा मिळालेले उत्तर कायमचे नसते. स्पेनमध्ये ५ ते ९० वर्षांच्या ८३९ लोकांची युरोलिथिनसाठी तपासणी झाली. वय वाढेल तसा पहिला गट आक्रसत गेला आणि दुसरा वाढत गेला; काहीच न बनवणारे मात्र सर्व वयांत साधारण दहा टक्केच राहिले. म्हणून चाळिशीत केलेला प्रयोग साठीत पुन्हा करण्यासारखा आहे. प्रतिजैविकांचा मोठा कोर्स झाला, रजोनिवृत्ती आली, नवे औषध सुरू झाले किंवा वजन बरेच बदलले, तरी दोन आठवडे नुसते मोजून पाहावे आणि आधीच्या पानावरच्या सरासरीशी ताडून बघावे. वहीत पदार्थाचे नाव, कसा केला, किती घेतला, सुरू-बंद तारखा आणि चालू औषधे एवढे लिहिलेले असेल, तर ते पान तुमच्या डॉक्टरांनाही वाचता येईल.